वाचकांचे प्रश्न : बोरघाट, पडद्यावर आणि टेबलावर

प्रश्न : ओपन रेल्समध्ये (संगणकावर रेल्वे चालवायचा सिम्युलेटर) कर्जत ते लोणावळा मार्ग तयार करतो आहे. रूळ सगळीकडे १:३७ च्या (३७ मीटरला १ मीटर) चढाने टाकले. पण लोणावळा स्टेशन डोंगराच्या वर अधांतरी येतं. शिवाय चोवीस डब्यांची गाडी एकटं डब्ल्यूएपी-७ इंजिन बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) न लावताच वर नेतं. काय चुकतंय?
– वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत.

आधी स्टेशनचं पाहू. १:३७ हा घाटातला सर्वांत खडा चढ आहे, सरासरी नव्हे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या मूळ मार्गाची लांबी १५ मैल ६८ साखळ्या, म्हणजे साडेपंचवीस किलोमीटर, आणि एकूण चढण १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर. भागाकार केला की सरासरी १:४६ येते. तुम्ही तेवढ्याच अंतरावर सलग १:३७ धरलात तर ६८९ मीटर चढलात. तुमचं लोणावळं साधारण १३० मीटर वर गेलं ते यामुळे.

उंची उपग्रहाच्या नकाशावरून उचलू नका. बोगद्याच्या जागी तो माथ्याची उंची देतो आणि दरीच्या कडेला रूळ दातेरी होतात. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती घ्या. दोन पाट्यांमधला फरक आणि रुळाचं अंतर यांवरून त्या टप्प्याचा चढ काढा, आणि मगच रूळ टाका. वळणावर चढ थोडा कमी करायचा असतो, कारण वळण स्वतःच गाडी अडवतं. ब्रॉडगेजला (आपल्याकडचा नेहमीचा रुंद रूळ) वळणाच्या दर अंशामागे ०.०४ टक्के कमी करतात. १,७५० ला मीटरमधल्या त्रिज्येने भागलं की अंश मिळतात. ३५० मीटर त्रिज्येचं वळण म्हणजे ५ अंश, म्हणून तिथे १:३७ च्या २.७० टक्क्यांऐवजी २.५० टक्के, म्हणजेच १:४०.

आता गाडीचं. १:३७ वर प्रत्येक टन वजन गाडीला २६५ न्यूटनने मागे ओढतं. डबे सरासरी ५० टनांचे धरले तर चोवीस डब्यांचे १,२०० आणि इंजिनाचे १२३ टन. नुसत्या चढासाठीच ३५१ किलोन्यूटन लागतात, चाकांचा रोध धरून ३८० च्या घरात. डब्ल्यूएपी-७ सुरुवातीला जास्तीत जास्त ३२२ च्या आसपास ओढतं. म्हणजे गाडी चढायलाच नको. ती चढते याचा अर्थ फायलीतला एखादा आकडा खोटा आहे, आणि बहुतेक वेळा तो डब्याचं वजन असतो. फुकट मिळणारे डबे अनेकदा दुसऱ्या देशाच्या डब्यावरून नक्कल केलेले असतात किंवा त्यांत रिकाम्या डब्याचं वजन असतं. ७२ बर्थच्या डब्यात सामानासकट माणशी ७५ किलो धरले तरी ५.४ टन वाढतात, चोवीस डब्यांत १३० टन.

तेव्हा प्रत्येक डब्याच्या फाइलमधली ‘मास’ची (वजनाची) ओळ उघडून पाहा. इंजिनाच्या फाइलमध्ये ‘मॅक्सफोर्स’ (जास्तीत जास्त ओढ) तपासा. सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड ॲडहेजन (चाकांची रुळावरची पकड मोजणारी सोय) चालू हवं. गाडी चालू असताना एफ-५ दाबा, मग शिफ्ट धरून एफ-५ दाबत बलाच्या पानावर या. ओढ आणि घसरण तिथे आकड्यांत दिसतात. शेवटी हवामान पावसाळी करून पाहा. जुलैत घाटात ओल्या रुळांवर चाकं कशी फिरतात, ते इथेही दिसलं पाहिजे.

मागे डब्ल्यूएजी-७ चे दोन बँकर लावले की वजन १,५६९ टन होतं, पण मागून साधारण ८०० किलोन्यूटनची जादा ढकल मिळते. तीच ताकद पुढून लावली असती तर सगळा ताण पहिल्याच कपलिंगवर (इंजिन आणि डबा यांच्या जोडावर) आला असता. बँकर मागे जोडतात ते यासाठी.

प्रश्न : घरी ८ × ४ फुटांचं टेबल आहे. एचओमध्ये (१:८७ प्रमाणातलं मॉडेल) घाट आणि एक ओव्हरब्रिज बसेल का?
– वाचक, वारजे

उत्तर : १:३७ ने बसणार नाही. खालच्या गाडीला ७५ मिलिमीटर मोकळी उंची, वर पुलाचा थर १० मिलिमीटर, म्हणजे ८५ मिलिमीटर चढायचं. त्याला ३,१४५ मिलिमीटर सरळ रूळ हवा आणि तुमचं टेबल २,४४० चं आहे. वळणं घेत चढवलं तर वळणाचा रोध वाढतो. ढोबळ नियम असा की ३२ ला इंचांतल्या त्रिज्येने भागा, येईल तितके टक्के जादा चढ समजा. १८ इंचांच्या वळणावर ते १.८ टक्के होतात, म्हणजे २.७ चा चढ प्रत्यक्षात साडेचार टक्क्यांचा झाला. त्यात आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्याचा) डबा एचओमध्ये २४५ मिलिमीटर लांब. १८ इंचांवर त्याची टोकं रुळाबाहेर झुकतात आणि कपलर ओढून डबा उतरतो.

आमचं मत विचाराल तर वळणं सोडा आणि खंडाळ्याचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन करा. १९२९ पर्यंत गाड्या तिथे थांबून उलट्या दिशेने पुढे चढत. टेबलावर याचा मोठा फायदा असा की वळण लागतच नाही. दीड फूट रुंदीच्या फळीवरही हे जमतं. सांध्यापलीकडच्या (जिथे दोन रूळ एकत्र येतात त्यापुढच्या) शेपटीत इंजिन आणि तीन डबे, म्हणजे साधारण १ मीटर मावला पाहिजे, आणि तेवढा भाग सपाट ठेवा. सपाटीवरून चढावर जाताना किमान ३०० मिलिमीटरचा हळुवार बाक द्या, नाहीतर इंजिनाची पुढची चाकं उचलली जातात किंवा कपलर सुटतात. चढाखाली दर ३०० मिलिमीटरला टेकू, आणि प्रत्येक टेकू आधीच्यापेक्षा ८ मिलिमीटर उंच. प्लाय १२ मिलिमीटरचं घ्या आणि कापलेल्या कडांसकट सगळ्या बाजूंना सीलर लावा. कडा कोऱ्या राहिल्या तर पावसाळ्यात त्यांतून ओल शिरते, फळी बाक घेते आणि सांधे अडतात.

प्रश्न : १९६० च्या दशकातलं पुणे स्टेशन करायचं आहे. मिरजेची मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळाची लाइन) कशी दाखवावी?
– वाचक, हडपसर

उत्तर : ती १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली, म्हणजे तुमच्या काळात दोन्ही गेज हवेतच. एचओमध्ये मीटरगेज ११.५ मिलिमीटर येतं, म्हणून १२ मिलिमीटरचा रूळ बरोबर. अडचण ब्रॉडगेजची आहे. ते १९.३ मिलिमीटर हवं, पण बाजारातला रूळ १६.५ चा. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवले की फरक फार कमी वाटतो. १६.५ च्या मानाने मीटरगेज ९.८ मिलिमीटर दिसायला हवं, म्हणून काही जण ९ मिलिमीटरचा रूळ टाकतात. आमच्या मते गाड्या चालवायच्या असतील तर १२, आणि नुसता देखावा करायचा असेल तर ९.

प्रश्न : डेक्कन क्वीनचा पहिला रेक (डब्यांचा संच) कोणत्या रंगाचा?
– वाचक, शिवाजीनगर

उत्तर : गाडी १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक चंदेरी, लाल पट्ट्यांचा. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. मॉडेल करताना दोन्ही रेकचे रंग एकाच गाडीत मिसळू नका. आणि ओव्हरहेड तारा विसरू नका, कारण तोवर घाटात १,५०० व्होल्टची डीसी वीज आली होती.