कोणत्या जगात खेळायचं? नवीन डीएमला पत्र

प्रिय भाऊ,

तुझा मेसेज वाचला, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) ह्या डाइस टाकून टेबलावर खेळायच्या गोष्टीच्या खेळाचा तू डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, होतोयस. सगळ्यात पॉप्युलर सेटिंग, म्हणजे गोष्ट घडते ते जग, कोणती, तीच घेतो म्हणजे हॉस्टेलची पोरं खेळायला येतील, असं तू विचारू राहिला, तर सरळ उत्तर आधी देतो, फरगॉटन रेल्म्स. याच्यात वादच नाही. पण ती पॉप्युलर का झाली ते समजून घे, कारण ते समजलं की तुझ्या धुळ्याच्या टेबलावर तिचा किती उपयोग आहे हे तुझं तुलाच दिसेल.

एड ग्रीनवुड नावाचा कॅनडातला माणूस, लहानपणापासून हे जग स्वतःच्या हौसेने लिहीत होता, मग डी अँड डीच्या ड्रॅगन मासिकात त्याचे लेख यायला लागले आणि १९८७ ला, तेव्हा डी अँड डी काढणाऱ्या टीएसआर कंपनीने त्याचा बॉक्स सेट काढला. पुढच्याच वर्षी साल्वाटोरे ह्या लेखकाची, ड्रिझ्ट नावाचा एल्फ असलेली पहिली कादंबरी, १९९८ ला बाल्डर्स गेट हा कॉम्प्युटर गेम, २०१४ ला डी अँड डीची पाचवी एडिशन आली तेव्हा स्टार्टर सेटमधलं फॅन्डालिन गाव पण ह्याच जगातलं, आणि २०२३ ला बाल्डर्स गेट ३. आता बघ, ज्या पोराने आयुष्यात वीस बाजूंचा डाइस हातात धरला नाही त्यालाही हे जग माहीत आहे, कारण त्याने ते लॅपटॉपवर खेळलंय. शिवाय २०१६ ला डीएम्स गिल्ड नावाचं ऑनलाइन दुकान सुरू झालं तेव्हा कोणालाही स्वतःचं अ‍ॅडव्हेंचर लिहून विकायची परवानगी सगळ्यात आधी ह्याच जगासाठी मिळाली. तर ही पॉप्युलॅरिटी जगाच्या क्वालिटीची कमी आणि आत शिरायच्या रस्त्यांची जास्त आहे. मला ते जग आवडतं, वाईट बोलत नाही, पण लोकं लिस्ट बघतात आणि एक नंबरचं म्हणजे सगळ्यात भारी असं धरून चालतात, तसं करू नको.

उलटं उदाहरण म्हणजे डार्क सन. १९९१ चं. अथास नावाचं वाळवंटी जग, लोखंड इतकं दुर्मिळ की तलवारी हाडाच्या आणि ऑब्सिडियनच्या, नाणी सिरॅमिकची, जादू केली की आजूबाजूच्या झाडांचा जीव शोषला जातो आणि जमिनीची राख होते, आणि शहरांवर जादूगार-राजे बसलेत. पाचवी एडिशन आल्यावर पुढची दहा वर्षं ह्याचं स्वतंत्र पुस्तकच निघालं नाही, म्हणून नवीन पोरांना नावही माहीत नसतं. पण मी ते जळगावात मे महिन्यात चालवलंय, बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलर गरम हवा फेकतोय, आणि टेबलावर यावलकडची एक मुलगी होती, घरी केळीची बाग. पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांची टोळी, गोष्टीतल्या एका विहिरीजवळ पोचली, पहारेकरी पाणी देईना. बाकीच्यांनी शस्त्रं काढली. ह्या पोरीने विचारलं, विहिरीला पाणी किती फुटावर आहे, आणि किती शेतं हिच्यावर भिजतात? मग तिने पहारेकऱ्याशी सौदा केला की आम्ही रात्रीची पाळी घेतो, दिवसाची तुमच्या मालकाला राहू दे, बदल्यात ढासळलेला काठ बांधून देतो. अर्धा तास नुसता पाण्यावर गेला, एकही डाइस पडला नाही, आणि त्या अर्ध्या तासात कोणी मोबाईल उचलला नाही. हेच जर फरगॉटन रेल्म्समधल्या बर्फाळ आइसविंड डेलमध्ये असतं तर मला आधी तिला पंधरा मिनिटं समजावून सांगावं लागलं असतं की तिथे माणसं राहतात कशी. माझं मत पक्कं झालंय, आपल्या खान्देशातल्या पोरांना डार्क सन समजवावं लागत नाही.

म्हणून सेटिंग निवडताना टेबलावर कोण बसणार आहे ते आधी बघ. दोन-तीन जण बाल्डर्स गेट ३ खेळलेले असतील तर फरगॉटन रेल्म्सच घे, त्यांना हुरूप असतो, त्याचा फायदा उचल. फक्त पहिल्याच दिवशी सांगून टाक की हे आपल्या टेबलाचं फेरून (फरगॉटन रेल्म्सचा मुख्य खंड) आहे, गेममध्ये जे झालं ते इथे झालंच असेल असं नाही, नाहीतर एक जण सारखा तुझी चूक काढत बसेल आणि बाकीच्यांना बोलायला जागा राहणार नाही. आणि अख्खा नकाशा उघडू नको. फॅन्डालिनसारखं एक गाव, एक खाण, एक रस्ता, तेवढ्यात कितीतरी रविवार निघतात.

सगळेच नवे असतील आणि एकाच रात्रीत खेळ संपवायचा असेल तर रेव्हनलॉफ्ट. १९८३ चं मूळ अ‍ॅडव्हेंचर आहे, एक धुक्यात अडकलेली दरी, एक किल्ला, किल्ल्यात एक व्हॅम्पायर, पाच मिनिटांत कळतं. एबेरॉन पण चांगलं, २००२ ला, टीएसआरनंतर डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्स कंपनीने नवीन जगासाठी स्पर्धा ठेवली होती, हजारो एन्ट्र्या आल्या त्यातून कीथ बेकरचं हे निवडलं आणि २००४ ला पुस्तक आलं, जादूच्या जोरावर पळणाऱ्या ट्रेन, महायुद्ध नुकतंच संपलेलं, हेरगिरी. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या पोरांनी हे फार मनापासून खेळलेलं मी बघितलंय. पाथफाइंडर ह्या वेगळ्या खेळाचं गोलारियन नावाचं जग आहेच, पण तुला रूल नवे शिकावे लागतील, आत्ता नको.

एक गोष्ट अजून. टीएसआरने १९८९ पासून पुढे नव्वदच्या दशकात इतकी जगं काढली, स्पेलजॅमर, डार्क सन, प्लेनस्केप, की प्लेनस्केपवाला डार्क सनचं पुस्तक घेईना आणि डार्क सनवाला प्लेनस्केपचं, गिऱ्हाईक वाटलं गेलं, आणि १९९७ ला कंपनी विकली गेली. कारणं इतरही होती, पण हे त्यातलं एक. तुझ्या टेबलालाही हे लागू आहे, दर महिन्याला जग बदललं की पोरांची कॅरेक्टर मोठीच होत नाहीत. एक निवड आणि सहा महिने तिथेच रहा.

आणि तुला स्वतःचं जग करायचंय हे तू लाजत लाजत लिहिलंय, त्यात लाजायचं काय? ग्रेहॉक म्हणजे डी अँड डी बनवणाऱ्यांपैकी एक, गायगॅक्स, त्याच्या घरच्या टेबलावरचंच जग होतं, क्रिटिकल रोल ह्या शोचं एक्झांड्रिया हे जग त्याचा डीएम मर्सरने मित्रांसोबत घरी खेळता खेळता उभं केलं आणि २०१५ पासून ते लोकांनी स्क्रीनवर बघितलं. आपल्याकडे सातपुड्यात असीरगड आहे, फरकांड्याचे झुलते मनोरे, सारंगखेड्याचा घोडेबाजार, दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर जाणारी यात्रा, तापीचं खोरं, हे सगळं नकाशावर तसंच्या तसं ठेवता येतं. पाचव्या एडिशनचे मूळ रूल जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये फुकट आहेत, त्याच्यावर तुझं जग छापून विकलंस तरी चालतं, फेरून मात्र त्यात येत नाही. फक्त देवाधर्माचं सांभाळ. कानबाईला हिट पॉइंट देऊ नको, म्हणजे लढून मारता येईल असं पात्र करू नको, टेबलावरच्या कोणाच्या तरी घरी श्रावणात तिची स्थापना होत असते, आणि त्या पोराला कसं वाटेल हे तुला विचारल्याशिवाय कळणार नाही. अस्तंब्याचा अश्वत्थामा घ्यायचा असेल तर नाव बदल, जखम आणि भटकणं ठेव, तेवढ्याने काम होतं.

आत्ता महागडी पुस्तकं घेऊ नको. फुकटचे बेसिक रूल डाऊनलोड कर, पोरांना विचार की कोणी काय खेळलंय, काय बघितलंय, कोणाला कशाची भीती वाटते, आणि ती उत्तरं मला पाठव. डार्क सनचं ठरलं तर माझ्या विहिरीच्या नोट्स आहेत, एबेरॉनचं पुस्तक पण आहे, जळगावला येशील तेव्हा घेऊन जा, परत द्यायची घाई नाही.

तुझा,
जळगाववाला दादा