जावास्क्रिप्टमध्ये तोच रेजेक्स (मजकुरात शोधायचा पॅटर्न), तीच स्ट्रिंग, तरी टेस्ट (मॅच आहे की नाही ते सांगणारं फंक्शन) एकदा ट्रू आणि लगेच फॉल्स का येते? फ्लॅगमुळे असं होतं का?

हो, फ्लॅगमुळेच. फ्लॅग म्हणजे रेजेक्सच्या शेवटी लावायचं अक्षर, आणि तुमच्या रेजेक्सला जी (g) लावलेला असणार. जी असला की मागचा मॅच कुठे संपला ते रेजेक्स स्वतःच्या लास्टइंडेक्समध्ये धरून ठेवतो आणि पुढची टेस्ट तिथूनच सुरू करतो. मॅच नाही मिळाला की परत शून्यावर. नुसतं हो-नाही विचारायचं असेल तर जी काढून टाका.

आता मी का लिहितोय ते सांगतो. आमच्या एका फॉर्मवर मराठीत नाव भरायचं होतं. पॅटर्न फाइलच्या डोक्यावर एकदाच कॉन्स्टमध्ये, जीसकट, आणि प्रत्येक की दाबली की टेस्ट. एका अक्षराला लाल मेसेज, पुढच्याला गायब, पुन्हा लाल. टीम लीडचं निदान तयारच: "मराठी कीबोर्डचा लोचा आहे, नाव इंग्रजीतच घ्या." मी त्याच्यासमोर 'सुनील' इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. तिथेही तीच उघडझाप!

जी काढला, उघडझाप थांबली. पण मराठीत 'स' चालायचा आणि 'सु' झाला की नापास. साहेब खूश, "बघ, मी म्हणालो नव्हतो?" अहो, पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश पीपुढे कंसात फक्त एल होतं, म्हणजे लेटर. उकार, वेलांटी, हलन्त हे युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, हिशेबात लेटर नाहीतच, ते मार्क. एलच्या जोडीला एम दिलं आणि 'सुनील' पास. युनिकोड समजणारा यू (u) फ्लॅग होता म्हणून. तो नसता तर बॅकस्लॅश पी म्हणजे नुसतं इंग्रजी पी. ही सोय 2018 च्या मानकातली आहे, काल-परवाची नाही. तरी रिलीज नोटमध्ये लीडने लिहिलं काय, तर 'मराठी फॉन्ट इश्यू फिक्स्ड'. फॉन्टचा इथे काडीचा संबंध नव्हता.

आणि हो, जी सरसकट वाईट नाही. सगळे मॅच एकदम शोधणाऱ्या मॅचऑलला किंवा बदलणाऱ्या रिप्लेसऑलला रेजेक्स देताना तो नसेल तर सरळ टाइपएरर येतो. स्मॉल-कॅपिटलचा फरक न मानणारा आय (i) फ्लॅग देवनागरीला लावून उपयोग शून्य, आपल्याकडे स्मॉल-कॅपिटल आहेच कुठे. शिवाय काही कीबोर्ड 'कऱ्हाडे'तला अर्धा र लिहिताना मध्ये न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर घुसवतात. तो एलमध्येही बसत नाही आणि एममध्येही नाही, पॅटर्नमध्ये वेगळा घालावा लागतो. तेवढं गुपचूप करून टाका. लीडला कळलं तर गाडी पुन्हा इंग्रजीवर येईल.