मुलाखतीची तारीख अलीकडे आणताना

अमेरिकेच्या व्हिसासाठी प्रथमच अर्ज करताना तारीख फार लांबची मिळाली, तरी धीर सोडू नका. मिळेल ती तारीख आधी घ्याच, कारण हाती तारीख असल्याशिवाय लवकरच्या मुलाखतीची विनंती करता येत नाही. गंभीर आजार, जवळच्या नातेवाइकाचे निधन किंवा तोंडावर आलेला अभ्यासक्रम अशा कारणांसाठी ती विचारात घेतली जाते. लग्नसमारंभ, पदवीदान किंवा लेकीचे बाळंतपण यांसाठी नाही. कारण फुगवून तर मुळीच सांगू नका.

नवख्यांकडून हमखास होणाऱ्या चुका दोन:

- तारीख शोधण्यासाठी पान सतत उघडत राहणे. त्याने खाते काही काळ बंद पडते.
- डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज नव्याने भरून मुलाखतीच्या भेटीच्या नोंदीत जुन्याच अर्जाचा क्रमांक ठेवणे. ‘एए’ने सुरू होणारा हा क्रमांक अर्जाची पोच आणि भेटीचे पत्र हे दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने ताडून पाहा, माझ्या मुलीच्या कागदांतील तफावत मला अशीच सापडली.

आपण गोवेकर मुंबईच्या वकिलातीकडे जातो आणि बोटांचे ठसे मुलाखतीपूर्वी वेगळ्या केंद्रात द्यावे लागतात, त्यामुळे मडगावहून रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून थेट ठशांना जाण्याचा बेत करू नका. एक दिवस आधीच पोहोचा.