मागणीपत्र पुन्हा लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझा मसुदा वाचला. घरकामगारांचं एक पान, सफाई कामगारांचं एक, फेरीवाल्यांचं एक, आणि शेवटी ‘कामगार एकजुटीचा विजय असो’. नवी मुंबईत तुर्भे स्टोअरच्या वस्तीत राहणारी एखादी दलित बाई सकाळी वाशीत धुणीभांडी करते आणि संध्याकाळी नाक्यावर भाजी लावते. तिने सही कुठल्या पानावर करायची?

अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली हीच अडचण मांडली. जनरल मोटर्सविरुद्धच्या खटल्यात कृष्णवर्णीय बायकांना वंश आणि लिंग मिळून एक दावा करू दिला नव्हता. कंपनीत बायका आहेत, मग भेदभाव कसला, असा न्याय. (आपल्याकडे हा न्याय संघटनेच्या बैठकीतच होतो, कोर्टापर्यंत जावं लागत नाही.)

समज, त्या बाईला मालकाने जातीवरून शिवी दिली आणि अंगालाही हात लावला. कार्यकर्ते शिवीवर भर देतात, आणि केस तिथेच पडते: ॲट्रॉसिटी कायद्यात शिवी ‘लोकांसमक्ष’ दिलेली लागते, आणि चार भिंतींआड, साक्षीदाराविना दिलेली शिवी तशी ठरत नाही. त्याच कायद्यातल्या लैंगिक स्पर्शाच्या कलमाला ती अट नाही. मात्र तिची जात मालकाला ठाऊक होती, हे फिर्यादीत आलंच पाहिजे. शिवाय कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या ठाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. घरकामगाराच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते.

आणि तिच्या शेजारची, ख्रिस्ती झालेली दलित बाई? अनुसूचित जातींच्या यादीत हिंदू, शीख आणि बौद्ध एवढेच. तिला ॲट्रॉसिटीची वाट बंद, समितीची उघडी. म्हणून सामायिक मागणी समितीची धर. ॲट्रॉसिटीची तिच्या जोडीला, गाळून नव्हे.

बैठक रविवारी सकाळी ठेवू नकोस, साहेबलोक घरी असतात, काम लांबतं. दुपारी दोन ते चार बरं. तळमजला हवा, संडास जवळ हवा. देवळाचा सभामंडप नको. ज्यांना तिथे यायचं नसतं ते कारण सांगत नाहीत, नुसते येत नाहीत. ‘आधी सगळ्यांचं होऊ दे, मग तुझं बघू’ असं कुणी म्हणालं की तिथेच अडव.

फेरीवाल्यांच्या पानात एक भर घाल. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने पथविक्रेता समितीत विक्रेत्यांना किमान ४० टक्के जागा आहेत, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. उमेदवार आत्ताच ठरवा, नाहीतर ऐनवेळी पुढाऱ्यांच्या घरातल्या बायकांची नावं पुढे येतील.