वाचकांचे प्रश्न : सपाट माथ्याचे डोंगर

प्रश्न : पन्हाळा आणि मसाई पठार यांचे माथे सपाट का आहेत? शिवाय माथ्यावर तांबडा दगड आणि खालच्या कड्यांत काळा, असे का दिसते?
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून पातळ लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर आला, दूरवर पसरला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले, थर मुळातच आडवे असल्यामुळे आपल्याकडे सुळक्यांपेक्षा सपाट माथेच अधिक आढळतात. हा लाव्हारस थिजून झालेला काळा खडक म्हणजे बेसाल्ट, आणि माथ्यावरचा तांबडा दगड म्हणजे जांभा हे त्याच बेसाल्टचे बदललेले रूप आहे. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांमुळे खडकातील सिलिका व इतर विरघळणारे घटक दीर्घकाळ झिरपून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. लोहाच्या गंजाचाच तो रंग. हे कठीण कवच खालच्या खडकाची झीज रोखते, म्हणून माथा टिकतो आणि कडे मात्र ढासळत राहतात.

कड्याचा उघडा भाग जवळून पाहावा. घट्ट बेसाल्ट उभा तुटलेला असतो. सच्छिद्र थरात वायूचे बुडबुडे अडकून झालेली वाटाण्याएवढी छिद्रे दिसतात आणि काहींत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक भरलेले असतात. ते उकरून काढू नयेत, ही आमची आग्रहाची विनंती. पाहणीसाठी पावसाळ्यानंतरचे दिवस उत्तम. भर पावसात शेवाळलेला कातळ फार निसरडा होतो आणि धुक्यात कड्याची धार दिसत नाही.