रिमलेस टँकची काच: प्रश्न उंचीचा आहे, लिटरचा नाही

प्रश्न (पुणे): ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा माशांचा रिमलेस (वरच्या कडेला चौकट किंवा पट्टी नसलेला) टँक घरीच जोडायचा आहे. काचवाले म्हणतात की ५ मिमी पुरेल, त्यांनी या मापाचे कित्येक टँक करून दिले आहेत. मी किती जाडी घ्यावी?

उत्तर: काचवाले खोटे बोलत नाहीत, मात्र त्यांच्या टँकला वरच्या बाजूस आतून काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्या पट्ट्या समोरच्या व मागच्या काचेला फुगू देत नाहीत. रिमलेस टँकमध्ये वरची कड पूर्णपणे मोकळी असते, काच फक्त तीन बाजूंनी धरलेली असते आणि सर्वाधिक वाकते ती नेमकी त्या मोकळ्या कडेच्या मध्यावर. तुमच्या मापाचा टँक काठोकाठ भरल्यास पाणी समोरच्या काचेला सुमारे ९५ किलो भाराने बाहेर रेटते, आणि तेही दिवसरात्र.

साध्या फ्लोट काचेचे ताणसामर्थ्य दर चौरस मिलिमीटरला १९.२ न्यूटन धरून त्याच्या ३.८ पटीने कमी ताण काचेवर येऊ द्यावा, असा हिशेब टँक बांधणारे करतात. त्यानुसार तुम्हाला किमान ७.८ मिमी जाडी लागते. ८ मिमी कागदावर उत्तीर्ण होते, पण बाजारातली काच छापील जाडीपेक्षा किंचित पातळ भरू शकते, म्हणून व्हर्निअर लावून मोजल्याशिवाय ती घेऊ नये. माझ्या मते १० मिमी घ्यावी. मग वरचा ३.८ हा सुरक्षा गुणक सहाच्या वर जातो. ५ मिमीला तो जेमतेम दीड उरतो.

याच मापाचा माझा पहिला टँक ६ मिमीचा होता. तो भरल्यावर स्टीलची पट्टी आतल्या बाजूने वरच्या कडेला टेकवून पाहिली, तर मध्यावर दोन व्हिजिटिंग कार्डे एकावर एक सरकतील एवढी फट दिसली. काच फुटली नाही, परंतु त्या फटीकडे पाहत मला झोप लागेना, म्हणून शेवटी आडवी पट्टी चिकटवली आणि टँक रिमलेस राहिला नाही. जाडी वाढवण्याचा फायदा इथेच कळतो, कारण काचेतला ताण जाडीच्या वर्गाच्या, तर फुगवटा घनाच्या प्रमाणात घटतो. ६ ऐवजी ८ मिमी घेताच फुगवटा निम्म्याहून कमी होतो.

प्रश्न (कोल्हापूर): याच लांबीच्या टँकमध्ये पाणी अधिक मावावे म्हणून रुंदी २ फूट करू की उंची? काच किती जाड लागेल?

उत्तर: रुंदी वाढवावी. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, काचेमागे किती पाणी आहे यावर नाही, त्यामुळे रुंदी वाढवली तरी समोरच्या काचेचा हिशेब तसूभरही बदलत नाही. उंची २ फूट केल्यास मात्र किमान जाडी ७.८ वरून १०.८ मिमीवर जाते, म्हणजे बाजारात मिळणारी १२ मिमीच घ्यावी लागते. पाणी दोन्हीकडे तेवढेच मावते.

प्रश्न (नाशिक): ६ मिमीचे टफन्ड (उष्णता देऊन मजबूत केलेल्या) काचेचे जुने तुकडे स्वस्तात मिळत आहेत. ते मापाने कापून वापरता येतील का?

उत्तर: टफन्ड काच कापता येत नाही; कापायला गेलात तर तिचा चुरा होईल. माप नेमके जुळत असले तरी मी ती घेणार नाही. ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असली तरी ताठ तेवढीच असते, त्यामुळे फुगवटा तोच राहतो आणि काचा जोडणाऱ्या सिलिकॉनच्या सांध्यावरचा ताणही कमी होत नाही. शिवाय साधी काच बहुधा तडकते आणि पाणी गळू लागते. टफन्ड काच फुटली की एका क्षणात सगळे पाणी दिवाणखान्यात.

प्रश्न (पणजी): तळाची काच अधिक जाड घ्यावी का? खाली थर्मोकोल हवाच का?

उत्तर: बाजूच्या काचा तळाच्या काचेवर उभ्या असतील आणि तळ पूर्ण टेकलेला असेल, तर बाजूंइतकीच जाडी पुरते. टेबल सपाट हवे, त्यावर थर्मोकोलचा किंवा फोमचा एकसंध थर हवा, आणि तो पसरण्यापूर्वी प्लायवर हात फिरवून पाहावा; वर आलेले स्क्रूचे डोके किंवा वाळूचा मोठा खडा एवढ्यानेही तळ तडकतो. मात्र तळाची काच चार बाजूंच्या मध्ये, थोडी वर उचलून बसवली असेल, तर पूर्ण तळाखाली थर्मोकोल घालू नये, कारण तो तिला उलट वर ढकलतो. तिथे तळ अधांतरी राहत असल्याने जाडीही वेगळी काढावी लागते. सिलिकॉन बुरशीरोधक नसलेले घ्यावे, सांधे आठवडाभर वाळू द्यावेत आणि पहिल्यांदा टँक गच्चीवर किंवा अंगणात, सपाट फळीवर भरून दोन दिवस ठेवावा.