इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य मराठीत असूनही रोमन लिपीत का छापलं गेलं?

मुख्य कारण खिळ्यांचं, म्हणजे छपाईसाठी ओतलेल्या धातूच्या अक्षरांचं. 1616 मध्ये गोव्यात राशोलला ते छापलं गेलं, तेव्हा तिथे देवनागरीचे खिळे नव्हते. गोव्यात छापखाना 1556 मध्येच आला होता, पण अक्षरं रोमन. स्टीफन्सना स्वतःला इथल्या लिपीतच पुस्तकं हवी होती. 1608 च्या पत्रात त्यांनी वरिष्ठांना अडचण कळवली आहे: युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं, इथे सुमारे 600 साचे लागतील. नुसता 'क' घ्या. कि, कु, क्र, क्ष असं करत एकट्या 'क'चेच किती खिळे पाडावे लागतील बघा! म्हणून मराठीचं इतकं भरभरून कौतुक करणारा हा ग्रंथ परक्या लिपीत छापावा लागला, याची मला आजही हळहळ वाटते.

मात्र 'रोमन लिपीतच होतं' हे फक्त छापील प्रतींबद्दल खरं. त्याचं देवनागरीतलं हस्तलिखितही आहे, लंडनच्या मार्सडेन संग्रहात. आणि देवनागरी खिळ्यांनी मराठी छापायला 1805 उजाडलं, तेही बंगालमध्ये, श्रीरामपूरला, मिशनरी विल्यम केरीच्या मराठी व्याकरणासाठी.